लेक फोर्कच्या बाईसाहेबांस

श्रीमती लार्जमाउथ बास यांस,
मुक्काम लेक फोर्क, पूर्व टेक्सस.



‘श्रीमती’ मुद्दाम लिहिलं आहे. तुमच्या जातीत वजन कमावतात त्या बायकाच. नर बिचारा घरटं करतो, अंडी-पिल्लं राखतो आणि अंगानं बेताचाच राहतो. डॅलसकडून भल्या पहाटे बोटी ओढत गरवणारी मंडळी येतात ती तुमच्यासाठी. १९९२च्या जानेवारीत याच तळ्यात तुमच्यातली एक १८.१८ पौंड भरली आणि टेक्ससचा विक्रम करून बसली. तेव्हापासून इथे प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर तीच असते.

आणि संध्याकाळी धक्क्यावर कान दिला तर प्रत्येकाची सर्वांत मोठी बास सुटलेलीच असते. दोष नशिबाला. मला हे नशिबाचं प्रकरण पटत नाही. तुम्ही सुटता त्याला कारण असतं, आणि बहुतेक वेळा एकच: तंगूस कुठेतरी क्षणभर सैल पडलेला असतो.

गळ पुष्कळदा तुमच्या जबड्याच्या कडेला, पातळ पडद्यात शिरतो. झुंज चालू असताना ते भोक रुंदावत जातं. ताण आहे तोवर गळ जागचा हलत नाही; ताण गेला की एक झटका पुरतो. हे तुम्हाला कोण शिकवतं कोण जाणे, पण तुम्ही नेमक्या त्याच क्षणी वर येता. कल्ले फुलवून, अख्खी मूठ जाईल एवढा जबडा वासून, शेपटीवर उभ्या राहिल्यासारख्या पाण्याबाहेर, आणि डोकं डावी-उजवीकडे. तोंडात अर्ध्या औंसाचं क्रँकबेट असेल तर पाहायलाच नको. हवेत पाण्याचा अडसर नसतो. त्या आमिषाचं वजनच झोके घेत गळ उचकटून देतं.

पण उडीची वर्दी तुम्ही आधी देता. खाली ओढणारा तंगूस एकाएकी पाणी कापत वर चढायला लागतो. त्याच वेळी काठीचं टोक पाण्याजवळ नेऊन आडवं धरायचं आणि रीळ फिरवत राहायचं. म्हणजे उडी आखूड होते, कधी नुसतं तोंड बाहेर काढण्यावर भागतं. व्हिडिओत मात्र काठी आभाळाकडे करून आरोळ्या ठोकणारे दिसतात, आणि नवशिके तेवढंच उचलतात. आमच्या कोकणात खाडीवर जिताडा गरवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. जिताडाही असाच उसळून डोकं झाडतो.

काठीचंही तसंच. प्लॅस्टिकचा किडा लावलेला एकच जाड गळ असेल, तर तो किड्यातून पार होऊन तुमच्या जबड्यात रुतायला हवा. तिथे ताठ काठी आणि जोरदार हिसका. क्रँकबेटचे तीन काट्यांचे गळ बारीक असतात, वरवर लागतात. तिथे तोच हिसका दिला तर काटा मांस फाडून बाहेर येतो. त्याला मवाळ, मध्यापर्यंत वाकणारी काठी लागते. एकाच काठीवर सगळं भागवणारे मग तुमच्या नावानं बोटं मोडतात.

रिळाचा ड्रॅग, म्हणजे किती ओढीला तंगूस सुटू द्यायचा, याचा हिशेब पतंगासारखा आहे: ओढ लागली की ढील, ओढ ओसरली की खेच, पण मांजा कधीच लोंबता नाही. तंगुसाची जेवढी ताकद, तिच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर ड्रॅग सुटायला हवा. पंधरा पौंडी तंगुसाला चार-पाच पौंड. हे घरी वजनकाटा अडकवून तपासायचं असतं. तुम्ही गळाला लागल्यावर रिळाची चकती चाचपडणं म्हणजे वरातीमागून घोडं.

लेक फोर्कमध्ये मात्र हा हिशेब अर्धाच चालतो. १९८०मध्ये धरण घालून हे तळं अडवलं तेव्हा कितीतरी झाडं पाण्यात उभीच राहिली. गळाला लागल्याबरोबर तुम्ही खोडांकडे धाव घेता, आणि तिथे ढील दिली की तंगूस फांदीला गुंडाळून तुम्ही मोकळ्या. इथे ड्रॅग घट्ट, तंगूस जाड, आणि पहिल्या दोन-तीन सेकंदांत तुमचं तोंड वळवायचं. शेवाळात घुसलात तर नुसतं ओढत बसू नये. ताण ठेवून बोटच तुमच्यापाशी न्यावी आणि शेवाळासकट उचलावं.

सगळ्यात जास्त घात होतो तो बोटीच्या कडेशी. बाहेर तंगूस जेमतेम काठीएवढा उरलेला असतो, म्हणजे ताणायला लवचीकपणा नाही; आणि बोट दिसताच तुम्ही शेवटची बुडी मारता. तेवढ्यात मित्र उत्साहानं जाळी घेऊन तुमच्या मागे लागतो, ती शेपटीला लागते आणि तुम्ही पुढे उसळता. जाळी आधीच पाण्यात बुडवून स्थिर धरावी आणि तुम्हाला डोक्याकडून तिच्यावर आणावं. रबरी असेल तर उत्तम: काटे कमी अडकतात, अंगावरचा बुळबुळीत थरही कमी खरवडतो. खालच्या ओठात अंगठा घालून उचलण्याची ऐट एका गळापुरती ठीक. तीन काटे लटकत असताना अंगठाच गळाला लागायचा.

दमवून दमवून आणण्याच्या मी विरोधात आहे. ऑगस्टच्या कढत पाण्यात लांबलेली झुंज तुमच्या जिवावर बेतते. आणि वर काढल्यावर नुसत्या जबड्यानं उभं टांगून फोटो काढू नये. पोटाखाली दुसरा हात हवा. १९३२मध्ये जॉर्जियात जॉर्ज पेरी यांनी २२ पौंड ४ औंसांची विक्रमी बास पकडली आणि घरच्यांनी ती खाल्ली. तो काळ वेगळा होता. या तळ्यावर तर १६ ते २४ इंचांतली बास सोडूनच द्यावी लागते.

तेव्हा एक विनंती. जानेवारी ते मार्च या दिवसांत १३ पौंडांवर भरलात, तर लगेच परत जाण्याची घाई करू नये. १९८६पासून टेक्ससचं वन्यजीव खातं अशा बासना बाळंतपणाला नेतं, हल्ली अथेन्स गावच्या केंद्रात, आणि पिल्लं राज्यातल्या तळ्यांत सोडतं. पाहुणचार चांगला असतो म्हणतात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
डॅलसचा एक गरवणारा