ओतणाऱ्याचे नाव

स्मरणिकेत शिक्षकाने आपल्या यशस्वी विद्यार्थ्यांविषयी लिहावे, असा प्रघात आहे. मला मात्र अशा एका विद्यार्थ्याविषयी लिहायचे आहे, ज्याच्या प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही. आणि अशा एका शिल्पकाराविषयी, ज्याच्यामुळे तो प्रश्न मला फार उशिरा कळला.

सुमारे वीस वर्षांपूर्वी मी सहावीच्या वर्गात दायमाबादविषयी सांगत होतो. प्रवरेकाठच्या या गावी १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला जमिनीत चार कांस्यवस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला एक रथ. रथात एक माणूस उभा आहे. मी फळ्यावर रथ काढला, लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर असे लिहिले. मागच्या बाकावरून एक हात वर आला. "सर, रथात उभा आहे तो कोण, हे कुणाला माहीत नाही असं तुम्ही म्हणालात. पण रथ ओतला कुणी?"

मी म्हणालो, "ते परीक्षेत येत नाही. खाली बस." वर्ग हसला. तो खाली बसला. त्याचे वडील फौंड्रीत भट्टीवर कामाला होते, हे मला ठाऊक होते.

१९ मे २०२४ रोजी एड ड्वाइट नावाचे ९० वर्षांचे अमेरिकन गृहस्थ अवकाशात जाऊन आले. तोवर इतक्या वयाचे कोणीही तेथे गेले नव्हते. कुतूहलाने मी त्यांचे चरित्र वाचू लागलो. त्यांचा जन्म १९३३ मध्ये कॅन्सस राज्यातील कॅन्सस सिटी येथे झाला. त्यांचे वडील कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या बेसबॉल लीगमध्ये खेळत, कारण गोऱ्यांच्या संघांची दारे त्यांना बंद होती. ड्वाइट हवाई दलात वैमानिक झाले, विमानशास्त्रातील अभियांत्रिकीची पदवी त्यांनी मिळवली. केनेडींच्या कारकिर्दीत पहिला कृष्णवर्णीय अंतराळवीर होऊ शकणारा उमेदवार म्हणून त्यांना प्रशिक्षणासाठी पाठवण्यात आले. परंतु १९६३ मध्ये नासाने निवडलेल्या १४ जणांत त्यांचे नाव नव्हते. १९६६ मध्ये त्यांनी हवाई दल सोडले.

येथपर्यंतची कथा आपल्या समाजाला नवी नाही. पात्रता सिद्ध करून दाराशी पोहोचायचे आणि दार बंद झालेले पाहायचे, हे आपल्यातील कितीतरी घरांनी अनुभवले आहे. मला थांबवले ते पुढच्या भागाने.

सत्तरच्या दशकात कोलोरॅडोचे पहिले कृष्णवर्णीय उपराज्यपाल जॉर्ज ब्राउन यांनी ड्वाइट यांना शिल्पाचे काम सोपवले. तोवर ते हौसेने धातूच्या टाकाऊ तुकड्यांतून आकृती घडवीत. चाळिशी ओलांडलेल्या या माणसाला आपल्याच लोकांचा इतिहास जवळजवळ ठाऊक नव्हता, असे त्यांनी स्वतः मोकळेपणाने सांगितले आहे. ते वाचू लागले आणि १९७७ मध्ये त्यांनी डेन्व्हर विद्यापीठातून शिल्पकलेची पदव्युत्तर पदवी घेतली. अमेरिकेच्या पश्चिम भागात वसाहत करणाऱ्या कृष्णवर्णीयांवर त्यांनी कांस्यशिल्पांची मालिका केली. जॅझ संगीतावरच्या मालिकेत सत्तरहून अधिक शिल्पे आहेत. डेट्रॉइटच्या नदीकाठी गुलामगिरीतून निसटून कॅनडाच्या दिशेने पाहणारी माणसे त्यांनी उभी केली. ते स्मारक २००१ मधील आहे. अशी शंभराहून अधिक स्मारके त्यांच्या नावावर आहेत.

स्मारक चौकात एकच असते. घरात, ग्रंथालयात ठेवता येतील अशी लहान शिल्पे मात्र मर्यादित आवृत्तीत निघतात. आपल्याकडे या ओतकामाला मधूच्छिष्ट विधान म्हणत. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात त्याचे वर्णन आहे. आजची रीत अशी: आधी मातीची मूर्ती, तिच्यावरून रबराचा साचा, साच्यातून मेणाची प्रत. मेणावर उष्णता सोसणारे कवच चढवतात आणि भट्टीत तापवतात. मेण वितळून जाते आणि त्याच्या पोकळीत हजार अंशांहून अधिक तापलेला धातू ओततात. एका मेणातून एकच मूर्ती निघते. पंचवीस मूर्ती हव्या असतील, तर पंचवीस वेळा मेण घडवावे लागते. प्रत्येक प्रत हाताने घासतात, रसायन व ज्योतीने तिला रंग चढवतात. तळाशी कोरलेले ४/२५ म्हणजे पंचविसांतील चौथी प्रत. ठरलेली संख्या पूर्ण झाली की साचा बाद. शेजारी शिल्पकाराची सही असते.

हे वाचताना आमच्या घरातील बाबासाहेबांची प्लास्टरची अर्धमूर्ती मला आठवली. आईने ती ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरून छातीशी धरून आणली होती. तिच्या तळाशी क्रमांक नाही, सही नाही. त्याच साच्यातील मूर्ती किती वस्त्यांत गेल्या असतील, याची मोजदाद नाही. संख्या मर्यादित ठेवली की मोल वाढते, असे कलेचा बाजार मानतो. आमच्या घरात त्या मूर्तीचे मोल बाजाराने ठरवले नव्हते. पण ती घडवणारा कारागीर कोण होता, हा प्रश्न मला पन्नास वर्षांत एकदाही पडला नाही. इतिहासाचा एम.ए. मी, राजांच्या वंशावळी मला मुखोद्गत होत्या.

ड्वाइट यांनी डेन्व्हरमध्ये स्वतःची ओतशाळा उभारली. कल्पना, माती, मेण आणि धातू एका छताखाली आले. तरीही वितळलेल्या धातूची मूस धरणाऱ्या मदतनिसाचे नाव मूर्तीच्या तळाशी सहसा येत नाही, हे या कलेचे जगभरचे वास्तव आहे. दायमाबादपासून आजपर्यंत ते फारसे बदललेले नाही.

१९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. दूरच्या माणसांच्या लढ्यात आपला प्रश्न ओळखण्याची ती दृष्टी होती. मला ती दृष्टी एका शिल्पकाराकडून मिळाली. चाळिशीत आपले अज्ञान कबूल करून तो शिकायला बसला. मी माझे अज्ञान एका अकरा वर्षांच्या मुलाला गप्प करून झाकले होते.

आता दायमाबादचा धडा आला की तो प्रश्न मीच वर्गाला विचारतो. उत्तर पुस्तकात नाही, हेही सांगतो. मग मुले बोलू लागतात: कुणाचे आजोबा पितळेची भांडी घडवीत, कुणाची आई विटा पाडते, कुणाचे काका वेल्डिंग करतात. ती नावे मी फळ्यावर रथाशेजारी लिहितो आणि त्या दिवशी फळा पुसत नाही.

ज्याने तो प्रश्न विचारला, तो पुढच्या वर्षी शाळा सोडून गेला. बाळा, हा अंक तुझ्या हाती पडला तर एवढेच सांगायचे आहे: प्रश्न बरोबर होता, चूक माझी होती. तुझ्या वडिलांचे नाव मला कळव. फळ्यावर लिहायचे आहे. त्यांना माझा सप्रेम जयभीम सांग.