पंचतारांकित मुक्काम आणि साखरेच्या तीन पुड्या

पुष्कळ दिवसांनी लिहायला बसलोय. डिसेंबर २०२५ मध्ये आमच्या लग्नाला ५० वर्षं झाली, हे नातेवाईकांना ठाऊक आहेच. चिरंजीवांनी त्यानिमित्त आम्हा दोघांना एका थंड हवेच्या ठिकाणी, पंचतारांकित हॉटेलात दोन रात्रींची खोली घेऊन दिली. तेव्हापासून फोनवर प्रत्येकाचा एकच प्रश्न, "मग गुरुजी, कसं काय होतं हॉटेल?" आमच्या सौ. सगळ्यांना सांगतात, "छान होतं." तेही खोटं नाही. पण पूर्णही नाही. आता तिची परवानगी घेऊनच उरलेलं लिहितोय.

हॉटेलचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणाऱ्याचं लक्ष नावावरच अडकतं, आणि मला बोलायचंय ते सेवा या गोष्टीबद्दल.

आधी चांगलं सांगतो. खोली अशी, की आमच्या रोहिणखेडच्या घराची ओसरी नि माजघर दोन्ही तिच्यात मावावं. खिडकीतून दरी दिसायची. गादी इतकी मऊ, की हिला कूस बदलायला माझा हात धरावा लागे. भाडं एका रात्रीचं १४ हजार. साडेसात हजारांच्या वरच्या खोलीला १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २,५२० रुपये. एका रात्रीचे १६,५२० झाले. मास्तर माणूस, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या रात्री मी जागाच होतो, म्हटलं एवढ्या पैशात झोपून कसं चालेल!

तर झालं असं. हिला बरीच वर्षं मधुमेह आहे. जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागतं, आणि ते घेतलं की थोड्या वेळात अन्न पोटात जायलाच हवं. दुसऱ्या संध्याकाळी हिचे गुडघे दुखत होते, म्हणून खाली न जाता खोलीतच जेवण मागवायचं ठरलं. आठ वाजता फोन केला. मुगाची खिचडी नि ताक, दोघांना. "तीस मिनिटं," पलीकडून उत्तर आलं. मी सांगितलंसुद्धा की बाईंना इन्सुलिन घ्यायचंय, वेळ नक्की सांगा. आठ वीसला हिने स्वतः परत विचारलं. उत्तर आलं, "मॅडम, निघालंच आहे, पाच मिनिटांत दारात." तेव्हा हिने इंजेक्शन घेतलं.

पावणेनऊ झाले. नऊ झाले. फोन केला तर आधी नुसतं संगीत ऐकू येई, मग कुणी उचलेना. नऊच्या सुमारास हिच्या कपाळावर घाम आला, हात थरथरायला लागले. बोलताना शब्द अडखळायला लागले. सोबत यंत्र होतं, बोटाला टोचून पाहिलं तर साखर ५८. सत्तरच्या खाली गेली की ताबडतोब काहीतरी गोड द्यायचं, पंधरा ग्रॅम साखर, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, हे आमच्या डॉक्टरांनी घोटवून घेतलेलं. त्या संगमरवरी खोलीत खाण्याजोगं काय, तर चहाच्या तबकातल्या साखरेच्या पुड्या. त्यातल्या तीन पाण्यात ढवळून पाजल्या. ती पंधरा मिनिटं मी घड्याळाकडे बघत होतो. इतकं लांबलेलं घड्याळ मी परीक्षेच्या हॉलमध्येही पाहिलेलं नाही. मग ८४ आले. हिने डोळे उघडून पहिलं काय म्हणावं? "बाळूले काही सांगू नोका. त्याचं मन मोडंन."

खिचडी आली नऊ पस्तीसला. आणणारा पोरगा विशीतला. मी रागावून बोलायलाच उठलो होतो. पण त्याच्या कपाळावर हिच्याइतकाच घाम. माझ्या तोंडून आपल्याकडची बोली ऐकली आणि तो थबकला. "सर, कोनीकडचे हो तुम्ही?" मी गाव सांगितलं. तो चिखलीकडचा निघाला. हॉटेल व्यवस्थापनाचा विद्यार्थी, शिकाऊ म्हणून लागलेला. तीन मजल्यांच्या खोल्यांत जेवण पोचवायला त्या रात्री दोघंच होते, आणि त्यातला एक हा. फोन घेणाऱ्याला स्वयंपाकघरात काय चाललंय ते दिसत नव्हतं. त्याला एवढंच शिकवलेलं, की पाहुण्याला "पाच मिनिटं" म्हणायचं. माझा राग तिथेच निवला. म्हणजे त्या पोराबद्दलचा. बाकीचा अजून आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलकडून एक डबा आला. आत केक, वर चॉकलेटने इंग्रजीत "सॉरी" लिहिलेलं. मधुमेहाच्या बाईला! ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मी नाही हसलो.

निघताना बिल पाहिलं. जेवण १,३०० रुपये, आणि त्यावर १० टक्के सेवाशुल्क, १३० रुपये. मी म्हटलं, हे काढा. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, हा आमच्या पॉलिसीचा भाग आहे." तिला मी शांतपणे सांगितलं, आणि तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून इथे लिहितो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, की हॉटेलांनी नि उपाहारगृहांनी सेवाशुल्क आपोआप बिलात लावायचं नाही. ते देणं ग्राहकाच्या मर्जीवर. उपाहारगृहांच्या संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेल्या, पण दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला त्यांच्या याचिका फेटाळल्या. संघटनांनी पुढे अपील केलं, तो भाग वेगळा. मुलीने आत जाऊन विचारलं आणि १३० रुपये कमी झाले. मुद्दा १३० रुपयांचा नव्हताच. जी सेवा मिळालीच नाही, तिचं शुल्क कसलं?

घरी आल्यावर पुष्कळ विचार केला. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला सेवा म्हटलं की शेगाव आठवतं. गजानन महाराज संस्थानात गावोगावचे सेवेकरी आपली पाळी आली की पदरमोड करून जातात, झाडतात, वाढतात, म्हाताऱ्यांना हात धरून नेतात. प्रत्येकाला "माऊली" म्हणतात. ४ ऑगस्ट २०२१ ला वारलेले शिवशंकरभाऊ पाटील यांनी ही शिस्त कशी वाढवली, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तिथल्या भक्तनिवासात मऊ गादी नसेल, पण पंगतीत बसलेल्या म्हातारीकडे कुणाचं तरी लक्ष असतं.

यावर कुणी म्हणेल, गुरुजी, तिथे श्रद्धा आहे, इथे पगार. मान्य. पण पगारी माणसं सेवा करत नाहीत असं थोडंच आहे? मुंबईचं ताजमहाल हॉटेल १९०३ साली सुरू झालं. नोव्हेंबर २००८ मध्ये तिथे हल्ला झाला, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांनी पाहुण्यांना आधी बाहेर काढलं, आणि त्यात काहींचे प्राण गेले. ते सगळे पगारी नोकरच होते. म्हणजे प्रश्न पगाराचा नाही. माणसं पुरेशी ठेवली का, त्यांना काय शिकवलं, आणि त्यांच्या शब्दाला मागे आधार आहे का, हा आहे.

तारे कोण देतं, तेही पाहिलं. पर्यटन मंत्रालयाची समिती हॉटेलांना पाच वर्षांसाठी दर्जा देते, आणि तो घेणं हॉटेलच्या इच्छेवर असतं. समिती येते, पाहते, जाते. रोजच्या रात्री तीन मजल्यांना माणसं किती, हे तिने दिलेल्या पाटीवर दिसत नाही. दारातला संगमरवर एकदाच बसवायचा असतो. माणूस रोज ठेवावा लागतो, म्हणून बचत तिथे होते. आणि तिचा भार पडतो चिखलीच्या पोरावर नि रोहिणखेडच्या म्हातारीवर.

पुष्कळांनी सुचवलं की ग्राहक आयोगात जा. जाता येतं. २०१९ च्या कायद्यात निवास नि भोजन ही "सेवा"च धरली आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे तक्रार आता आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. हॉटेल कुठेही असो, आपलं बुलढाणा चालतं. १९१५ या हेल्पलाइनवरही आधी बोलता येतं. पण हिला कोर्टकचेरी नको होती. म्हणून मी हॉटेलला पत्र लिहिलं, मराठीत, दोन पानी. पैसे मागितले नाहीत. तीन गोष्टी मागितल्या. पाहुण्याने इन्सुलिनचं सांगितलं की त्या खोलीचं जेवण आधी निघावं. उशीर होणार असेल तर खरं सांगावं, पाच मिनिटांचा धडा पोरांना शिकवू नये. आणि त्या रात्रीच्या पोराला बोल लावू नये.

बारा दिवसांनी उत्तर आलं, इंग्रजीत. दिलगिरी, आणि एक रात्र फुकट राहण्याचं निमंत्रण. माझ्या तीन मागण्यांबद्दल एक ओळ नाही. निमंत्रण आम्ही नाकारलं. मी दुसरं पत्र टाकलंय, त्याच तीन मागण्यांचं. उत्तर येईपर्यंत टाकत राहीन. पेन्शनरकडे दुसरं काय असतं, वेळ आणि पोस्टाची तिकिटं!

बाळू, तू हे वाचशील. आईने तुला सांगितलं नाही, कारण तू कामातून वेळ काढून, पैसे साठवून हे केलंस. तुझं देणं उणं नव्हतं रे. सकाळी दरीवर धुकं होतं, तेव्हा तुझी आई खिडकीशी अर्धा तास नुसती बसून होती. पन्नास वर्षांत मी तिला असं रिकामं बसलेलं पाहिलं नव्हतं. ते मला मिळालं, तुझ्यामुळे. बाकीचं त्यांच्याशी मी बघून घेतो.

आणि मधुमेहवाल्या सगळ्यांना एकच सांगणं. हॉटेल कितीही ताऱ्यांचं असो, ताट डोळ्यांसमोर आल्याशिवाय इन्सुलिन घेऊ नका, आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा.

असो. काळजी घ्या.