चौथे तावदान

आमच्या घराच्या पुढच्या खिडकीला चार तावदाने आहेत. तीन आजोबांच्या वेळची आणि चौथे माझे. ‘माझे’ म्हणायचे कारण एवढेच, की मूळचे चौथे मी चेंडू मारून फोडले! त्या दुधी काचांवर एक पारदर्शक वेल होती. आजोबांनी घर बांधताना ती हौसेने करून घेतली होती. गुडघे धरल्यापासून आजीची सारी दुपार त्या खिडकीशीच जाते. काच फुटली तेव्हा ती मला एका शब्दाने बोलली नाही. तिने तुकडे वेचले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि आपल्या ट्रंकेत ठेवले. ती रागावली असती तर मी सुटलो असतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी ठरवले, की नवी काच आणून तिच्यावर तशीच वेल आपल्या हाताने उठवायची. चित्रकलेचा हात बरा, त्यात अपराधी मन. मग काय विचारता!

प्रथम दुकानदाराने काच दुधी करणारा फवारा दाखवला. पण तो नुसता रंग. नमुन्याच्या काचेवर नख ओढले, तर नखात आला. काच होती तशीच राहिली. मग कुणीतरी काचकाम करणाऱ्या एका कारागिराचे नाव सांगितले. त्यांनी प्लॅस्टिकच्या कॅनमधले पाण्यासारखे आम्ल पुढे केले. “हे ने. निम्म्या पैशांत काम होईल.”

पैसे काढता काढता माझे लक्ष त्यांच्या बोटाकडे गेले. नख वाळल्या पानासारखे आक्रसले होते.

“काका, हे कशाने झालं?”

“यानंच. लागलं तेव्हा काही कळलंच नाही. पाणी समजून पुसून टाकलं. रात्री ठणका लागला, तो पहाटेपर्यंत.”

मी कॅन खाली ठेवला. ते रागावले नाहीत. म्हणाले, “बरं केलंस. आमचं पोट आहे यावर, म्हणून आम्ही हात लावतो.”

ते आम्ल म्हणजे हायड्रोफ्लुओरिक, हे मला शास्त्र शाखेतल्या मित्राने सांगितले. काचेतल्या सिलिकाला ते खाते, म्हणून ते काचेच्या बाटलीत ठेवता येत नाही. स्वीडनच्या शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७१ साली त्याचा अभ्यास केला. यातला फ्लोरीन वेगळा करायला मात्र १८८६ साल उजाडले आणि ते काम फ्रान्सच्या म्वासाँने केले. त्याआधी त्या नादात कितीतरी संशोधकांना इजा झाली. हे आम्ल कातडीतून आत शिरून शरीरातले कॅल्शियम धरते आणि दुखणे कधी कधी काही तासांनी उमटते.

शेवटी मी काचेवर नक्षी उठवण्याचे क्रीम घ्यायचे ठरवले. ‘क्रीम’ म्हटले की डोळ्यांपुढे तोंडाला लावायचे काहीतरी येते. पण या शब्दाला भुलू नये. डबीवर बारीक अक्षरांत अमोनियम बायफ्लुओराइड लिहिले होते. म्हणजे तेही त्याच आम्लाच्या कुळातले! फरक इतकाच, की ते दाट असते, लावले तिथेच राहते आणि काच वरवरच खाते. माझ्यापुढे दोन डब्या होत्या. स्वस्त डबीवर आत काय आहे, याचा पत्ताच नव्हता. मी महाग डबी उचलली. मित्राने बजावले होते, अंगावर उडाले तर खूप वेळ पाण्याने धू, कॅल्शियम ग्लुकोनेटचा जेल लाव आणि दुखत नसले तरी डॉक्टरांकडे जाऊन रसायनाचे नाव सांग. नावच ठाऊक नसेल, तर सांगणार काय?

आधी लोणच्याच्या रिकाम्या बरणीवर प्रयोग केला. बारीक पाने सुरेख उमटली. पण सगळी बाजू दुधी करायला गेलो, तर ती ढगाळ आभाळासारखी कुठे गडद, कुठे फिकी झाली. मोठ्या जागेवर हे क्रीम एकसारखे बसत नाही. आजोबांच्या काचेत भोवताल दुधी आणि वेल पारदर्शक. मला जमणार होते ते नेमके उलटे.

बराच विचार करून मी उलटेच केले. काचेवर चिकटकागद लावून पानांपुरता कापून काढला. भाचीला शेजारी धाडले. रबरी हातमोजे आणि चष्मा चढवून अंगणात बसलो. डबीवर लिहिलेली वेळ घड्याळ लावून मोजली. बेसिनचा झिलईदार थरही काचेच्याच जातीचा, म्हणून काच प्लॅस्टिकच्या बादलीत धुतली आणि मित्राच्या सांगण्यावरून त्या पाण्यात चुना कालवला.

सुताराने लांबी भरून काच बसवली. तीन दुधी तावदानांच्या शेजारी ते उघडे तावदान चुकल्यासारखे दिसत होते. मी आजीकडे बघायचे टाळत उभा राहिलो. ती बराच वेळ काचेकडे पाहत होती. मग म्हणाली, “अरे, यातून रस्ता दिसतो की!”

थोड्या वेळाने ती आपणहून बोलली, “रस्त्यावरच्या माणसांची नजर घरात नको, असं तुझ्या आजोबांना वाटायचं. मला बाहेर बघावंसं वाटतं का, ते कुणी विचारलंच नाही.”

फुटलेले तुकडे अजून ट्रंकेत आहेत. ते तिने टाकलेले नाहीत आणि मीही टाक म्हटलेले नाही. पण आजीची खुर्ची आता चौथ्या तावदानापुढे असते. शाळा सुटली, की पानांच्या फटींतून ती मुले मोजते.