पालाखालचा बाजार

गणपती गेले, की आमच्या शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांचे जादा तास सुरू व्हायचे. पावसानं ओल धरलेली खोली, चाळीस मुलं, पाव इंपिरियल कागद आणि टवके उडालेल्या बशांत कालवलेले रंग. 1984 साली ए.टी.डी. करून मी खटाव तालुक्यातल्या त्या शाळेत रुजू झाले आणि सातवी-आठवीतच रमले.

हे वय मोठं नाजूक. चौथीतलं पोर निळा हत्ती काढतं आणि वर्गभर मिरवतं. सातवीत तेच पोर कागदावर हात आडवा धरून बसतं. "बाई, मला येत नाही." खोडरबर झिजतं, कागदाला भोक पडतं. तो आडवा हात बाजूला करणं, हेच माझं निम्मं काम होतं.

वस्तुचित्राला टेबलावर तांब्या, दोन वांगी आणि मागे चुण्या पाडलेलं कापड. पोरं तांब्याचं तोंड हमखास गोल काढायची आणि बूड पट्टीनं आखल्यासारखं सरळ. तोंड गोल असतं, बूड टेबलावर टेकतं, हे त्यांना ठाऊक होतं ना! मग मी तांब्या उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर धरायची. तोंडाची नुसती रेघ दिसायची. हळूहळू खाली आणला की ती रेघ उघडायची, लंबवर्तुळ फुगत जायचं, आणि पार जमिनीशी नेऊन वाकून पाहिलं की पुरता गोल. वर्गात एकदम "आँ!" व्हायचं. मग एक डोळा मिटून, हात ताठ करून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत सगळे मापं घ्यायला लागायचे. त्या शांततेसाठी मी आठवडाभर वाट बघायची.

रंगांची नावं मात्र मी मुलींकडून शिकले. डबीवर क्रिमसन लेक लिहिलेलं असे; त्यांना तो डाळिंबी. जरा काळा मिसळला की आमसुली. घरातल्या लुगड्यांनी त्यांची नजर माझ्याआधीच तयार केली होती.

एकदा एसटीनं औंधला गेलो. मूळपीठाच्या डोंगरावर भवानराव पंतप्रतिनिधींनी 1938 साली उभं केलेलं श्रीभवानी संग्रहालय आहे. राजा स्वतः चित्रं काढायचा, याचंच मुलांना केवढं अप्रूप! रविवर्म्याच्या 'सैरंध्री'पुढून मुली हलेनात. पण हेन्री मूरच्या दगडातल्या आई आणि मुलापाशी एक मुलगी कितीतरी वेळ उभी होती. म्हणाली, "बाई, आईचं नाक-डोळे नीट नाहीत. पण बाळ पडणार नाही." मला याहून अधिक काही सांगता आलं नसतं.

स्मरणचित्राचा विषय बहुतेक ठरलेला: बेंदूर, विसर्जन, आठवडी बाजार. एका वर्षी आठवीतल्या एका मुलानं बाजार काढला आणि कागदभर नुसते पाय. जोडवी घातलेले, भेगा पडलेले, कोल्हापुरी वहाणांतले, एक अनवाणी. लोंबत्या पिशव्या, कडेला पालाचा बांबू आणि पुढ्यात मेथीच्या जुड्या. मी लाल पेन्सिल उचललीच होती. "अरे, माणसांची तोंडं कुठायत?"

"मी आईशेजारी खाली बसतो ना, बाई."

पेन्सिल खाली ठेवली. परीक्षेआधी इतकं खरं स्मरणचित्र मी पाहिलं नव्हतं, नंतरही फार थोडी पाहिली.

दिवाळीच्या सुट्टीआधी त्यानं ते चित्र घरी मागून नेलं. पुढच्या बाजारी मी मुद्दाम त्यांच्या पालाकडे गेले. आईनं तराजू खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि गोणपाटाखालून घडी घातलेला कागद काढला. गिऱ्हाईकं तिनं पायांवरून ओळखली होती. बोट ठेवून एकेक सांगत होती: ह्या पाटलीणबाई, ह्यो शिंपी, हे पोस्टमन. कोपऱ्यातल्या एका चपलेपाशी बोट थांबलं. अंगठ्याजवळ काळ्या दोऱ्यानं शिवलेली होती.

"आन् ह्यो तुमचा पाय न्हवं का, बाई?"

मी खाली पाहिलं. दोरा तोच होता.