तिथीची पाऊणपट

वनाजवरून पौड रस्त्याने नाकासमोर निघालं, की चांदणी चौक, पिरंगुट, मुळशी मागे टाकत ताम्हिणी घाटातून गाडी माणगावला उतरते. पुढे म्हसळा, आणि मग रस्ता हरिहरेश्वरी समुद्रापाशीच थांबतो. कोथरूडातल्या कितीतरी घरांचा कुळाचार अशा कोकणातल्या रस्त्यांच्या टोकाला आहे. कुणाचा गुहागरचा व्याडेश्वर, कुणाचा वेळणेश्वर. वनाजजवळच्या एका सोसायटीत राहणाऱ्या काकूंचं माहेर आणि सासर, दोन्हीकडचं कुलदैवत हरिहरेश्वर. लग्न ठरलं तेव्हा त्यांच्या आजीला पत्रिका जुळल्यापेक्षा याचाच आनंद जास्त झाला होता. "चला, देव तरी बदलायला नको!"

पेशव्यांचंही कुलदैवत हेच. बाळाजी विश्वनाथ भट शेजारच्या श्रीवर्धनचे. सिद्दीच्या जाचामुळे ते घाट चढून वर आले, आणि त्यांच्यामागून कोकणस्थांची रीघ लागली. वर यायचं पोटासाठी आणि खाली उतरायचं देवासाठी, हा शिरस्ता अजून मोडलेला नाही.

इथे दर्शनाचा क्रम ठरलेला. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव. हे झालं की प्रदक्षिणा, आणि तिची वेळ समुद्र ठरवतो.

कारण ही वाट गाभाऱ्याभोवती फिरत नाही, देवळामागच्या अख्ख्या डोंगराला वळसा घालते. आधी थोडी चढण, मग दोन कातळांच्या चिंचोळ्या फटीतून थेट खाली जाणाऱ्या उभ्या पायऱ्या. वारा तोंडावर येतो, पदर सावरावा की कठडा धरावा असा प्रश्न पडतो. खाली पोचलं की लाटांनी तासून सपाट केलेला खडक, आणि बाजूला मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं पडलेला कडा. खारं पाणी दगडात मुरतं, वाळताना मिठाचे स्फटिक फुगतात आणि कण कण सुटत जातात, त्यातून ही नक्षी झाली. लहानपणी काकू त्या भोकांत शंख लपवायच्या.

भरती असली की ही वाट बंद. लाटेने इथे माणसं ओढून नेली आहेत, तसे फलकही लावलेले आहेत. तरी सेल्फीसाठी थेट कडेला जाणारे भेटतातच. त्यांच्यापुढे काळभैरवाचंही काही चालत नसावं.

काकूंच्या आजीकडे फलक नव्हता, हिशेब होता. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती; त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे दुपारी बाराला वाट मोकळी. पण अष्टमीची भरती भांगाची, पाणी फार मागे हटत नाही, आणि भर दुपारी कातळ तापलेला. पुनवेला उधाण. पाणी चढतं तसंच लांबवर ओसरतंही, मात्र वाट मिळते ती पहाटे किंवा संध्याकाळी. म्हणून आजी मुक्कामाचा दिवस कॅलेंडरवरच्या सुट्टीपेक्षा पंचांग बघून धरायची. नोकरदार मुलगे कुरकुरायचे, पण रजा टाकायचे.

लग्नानंतर पहिल्यांदा गेल्या तेव्हा सासूबाईंना हिशेब काकूंनीच सांगितला. सून गणितात पक्की निघाली म्हणून त्या खूश! पुढे गुडघ्यांमुळे त्याच सासूबाई पायऱ्यांच्या तोंडाशी बसू लागल्या. प्रदक्षिणा सून करी आणि पुण्य दोघींत वाटून घेतलं जाई. हे वाटप शास्त्राला धरून आहे का, हे उपाध्यांना विचारायच्या भानगडीत दोघीही पडल्या नाहीत.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन परिसरातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. रोठा सुपारी म्हणून नावाजलेला माल देणारी झाडं मुळासकट गेली. पोफळ लावल्यावर फळ धरायला काही वर्षं लागतात. त्यामुळे दर्शनाहून सुपारी बांधून आणायची घरची रीत मध्ये अडली.

आता काकूंचे गुडघेही बोलू लागले आहेत. निघण्याआधी नातू मोबाइलवर भरती-ओहोटीचं कोष्टक उघडतो, मिनिटासकट वेळ सांगतो. काकू बोटांवर तिथी मोजतात. दोघांत अर्धाएक तासाचा फरक पडतो, आणि नातवाचंच बरोबर असतं हे त्यांना ठाऊक आहे. तरी गाडी सुटते ती त्यांच्या हिशेबाने, कारण वाटेत मुळशीला मिसळीसाठी थांबायचं असतं आणि ते मोबाइलच्या कोष्टकात बसत नाही.