चुना वाट बघतो

शनिवारी दुपारी शाळेतून आले, ओढणी कमरेला बांधली, छिन्नी-हातोडा घेतला आणि माजघराच्या भिंतीवर फुगून आलेल्या सिमेंटला दोन ठोके दिले. ताटाएवढा पापुद्रा सुटून अलगद हातात आला. मागे काय होतं, सांगू? गव्हाचा भुसा! पांढऱ्या मातीत रुतलेला, काल मळणी झाल्यासारखा पिवळाधमक भुसा. आणि त्या मातीवर चार बोटांच्या ओळी. डावीकडून उजवीकडे कमानीसारख्या फिरलेल्या, एकीखाली एक. थापी नाही, रंधा नाही, कुणीतरी हातानं लिंपलेली भिंत! मी माझी बोटं त्या खाचांवर ठेवली. बसली. बरोब्बर बसली. म्हणजे ते हात बाईचे होते.

"अहो, इकडे या! आधी इकडे या!" मी एवढ्या जोरात ओरडले की हे परसदारातून धावतच आले. त्यांना वाटलं, हातोडा बोटावर बसला.

त्या दिवसापर्यंत आमचा बेत अगदी सरळ होता. पिंपळगावच्या जुन्या गावठाणातलं आमचं चार खणांचं धाब्याचं घर. सागाचे खांब दगडी उथळ्यांवर उभे, वर तुळया, त्यावर किलच्या आणि खाऱ्या मातीचा थर. आजेसासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी घरच्यांनी एका ठेकेदाराकडून आतून सगळीकडे सिमेंटचा गिलावा करून घेतला आणि वर ऑइल पेंट मारला. दोन पावसाळे बरे गेले. मग भिंती कमरेएवढ्या उंचीपर्यंत ओल्या दिसायला लागल्या, रंगाला फोड आले, पोपडे पडले, कपाटातल्या साड्यांना बुरशीचा वास. ज्यानं त्यानं एकच सल्ला दिला, पाडा आणि स्लॅबचं बांधा. आम्हाला पाडायचं नव्हतं. म्हणून ठरवलं की दर शनिवार-रविवार दोघांनी मिळून जुना गिलावा काढायचा आणि नवा सिमेंटचाच करायचा, यावेळी वॉटरप्रूफिंगचं रसायन घालून. सिमेंटच्या चार गोण्या ओसरीत येऊन पडल्यासुद्धा होत्या.

आणि मग तो भुसा दिसला.

सासूबाई काठी टेकत आल्या, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "हे माझ्या सासूचं लिंपण. मी माती तुडवायला होते." मग तिथेच पायरीवर बसून त्या बोलत राहिल्या. पांढरी माती कुठून आणायची, किती दिवस भिजत घालायची, भुसा घालून किती तुडवायची, पायाला कळतं म्हणे माती झाली ते. काळ्या मातीची भिंत का घालत नाहीत, तेही सांगितलं. ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. काळी शेतासाठी, पांढरी घरासाठी. आपण काळी आणि पांढरी हे शब्द गावाच्या बोलण्यात किती सहज ऐकतो, शेत म्हणजे काळी आणि वस्ती म्हणजे पांढरी. पण पांढरी ही खरोखरच भिंतींची माती आहे, हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी माझ्याच माजघरात कळलं!

पुढच्या रविवारी सासूबाईंच्या ओळखीनं चांदवडकडचे एक म्हातारे गवंडी आले. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी भिंत पाहिली, जोतं पाहिलं, नखानं कोपरा खरवडला आणि म्हणाले, "हिचं तोंड दाबलंय तुम्ही." खालचे तीन फूट दगड, वर पांढरीचे भेंडे. जमिनीतली ओल दगडांच्या सांध्यांतून, मातीतून वर चढणारच, ती सहजासहजी थांबवता येत नाही. पण माती आणि चुना सच्छिद्र असतात, चढलेली ओल त्यांतून हवेत उडून जाते. वरून सिमेंट आणि ऑइल पेंट लावला की तिची वाट बंद. मग ती आत साठते, आणखी वर चढते, सोबत आणलेले क्षार गिलाव्याच्या मागे स्फटिक होऊन फुगतात आणि पापुद्रा ढकलून देतात. इतकी वर्षं आम्ही भिंतीला आजारी म्हणत होतो, आणि आजार तर आम्ही केलेल्या औषधाचा होता! सिमेंटच्या चारही गोण्या त्याच संध्याकाळी परत पाठवल्या.

मग काय लावायचं? आतून पांढरी, वरून चुना. पण चुना आणायचा कुठून, विरवायचा कसा? इथे माझ्या अंगावर काटा आला, तो अजून गेलेला नाही. कारण आमचं गाव चुना विसरलेलंच नाही! आमच्या निफाड तालुक्यात द्राक्षबाग असलेल्या कुणालाही विचारा. द्राक्षाच्या डावणी रोगावर बोर्डो मिश्रण मारायचं तर एक टक्क्यासाठी शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. फ्रान्समधल्या बोर्दोच्या बागांत मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञानं १८८५ साली जगापुढे मांडलेलं हे औषध. ह्यांचं लहानपण ते कालवण्यात गेलेलं. चुना आधी वेगळा विरवायचा, गाळायचा, मिश्रणात लोखंडी विळा बुडवून बघायचा, पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला. हे सगळं ह्यांच्या हाताला पाठ! ज्या हातांनी वेलींसाठी चुना विरवला, त्यांना तो भिंतीसाठीही विरवता येतो, एवढंच कुणी सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीत पत्र्याच्या पिंपात पाणी भरलं, डोळ्यांना चष्मे, हातात रबरी मोजे, आणि कळीचे खडे थोडे थोडे सोडायला सुरुवात केली. आधी पाणी, मग चुना, उलटं कधीच नाही. सूं असा आवाज, मग गदगद उकळी, वाफेचे लोट. खाली जाळ नाही आणि पिंप रटरटतंय! मुलगी दहा हात लांब उभी राहून टाळ्या पिटत होती. मी विज्ञानाची शिक्षिका. कळीच्या चुन्यात पाणी घातलं की उष्णता बाहेर पडते, हे फळ्यावर शेकडो वेळा लिहिलंय. त्या दिवशी ती उष्णता गालाला लागली.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते सांगते. सिमेंटला पाणी लागलं की अर्ध्या-पाऊण तासात ते आवळायला लागतं. कालवलेलं घमेलं संपवलंच पाहिजे. हात बसलेला नसेल, चुकला असेल, मध्येच पाहुणे आले, तर गेलं सगळं वाया. ते रोज काम करणाऱ्या कारागिराचं सामान आहे. चुना तसा नाही. विरवलेला चुना गाळून पाण्याखाली झाकून ठेवला की तो महिनोन्महिने तसाच राहतो, उलट जितका जुना तितका लोण्यासारखा मऊ होत जातो. रोमच्या प्लिनीनं तर तीन वर्षं मुरलेलाच चुना वापरावा असा जुना नियमच नोंदवून ठेवलाय. सोमवारी मी शाळेत जाते, हे ओझरला विमानांच्या कारखान्यात जातात, आठवडाभर मुलीचा अभ्यास, लग्नकार्यं, आजारपणं, आणि पिंपातला चुना मुकाट वाट बघतो! शनिवारी झाकण काढावं, तर गेल्या शनिवारपेक्षा बरा. फक्त शनिवार-रविवार हातात असणाऱ्या नवरा-बायकोसाठी यापेक्षा योग्य वस्तू जगात नसेल, असं मी अगदी मनापासून म्हणते.

मातीचंही तेच. पोपड्यांबरोबर जी पांढरी सुटून आली ती टाकली नाही. चाळली, भिजत घातली, नवा भुसा घालून तुडवली आणि परत त्याच भिंतीला लावली. टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटमधून माती इकडून तिकडे, त्याच क्रेट एकावर एक रचून त्यावर फळी, ती आमची परांची. डबर म्हणून बाहेर गेलं ते फक्त सिमेंट.

भुशाचं तर मला वेड लागलंय. वेरूळच्या लेण्यांत मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले, राजदेव सिंह आणि एम. एम. सरदेसाई यांनी २०१६ साली तो अभ्यास प्रसिद्ध केला. दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी गिलाव्याला तंतूंचा आधार दिला, आणि आमच्या माजघरात आजेसासूबाईंनी गव्हाच्या काडाचा. एकच शहाणपण!

चूकही झाली, तीही सांगते. एप्रिलमध्ये पहिला हात चुन्याचा दिला, एक भाग चुना, तीन भाग वाळू, थोडी विटांची भुकटी. भर दुपारी. पुढच्या शनिवारी भिंतभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा. मी रडले. गवंडीबाबांना फोन केला तर म्हणाले, "भिंत तहानेली होती पोरी, तिनं चुन्यातलं पाणी पिऊन टाकलं. आधी तिला पाज." द्राक्षाला फवारणी करतात तसला पाठीवरचा नवा पंप आणला, औषधाचा थेंबही न लागलेला, आणि धुक्यासारखं पाणी मारून भिंत भिजवली. मग गिलावा, मग वर कांद्याची ओली बारदानं टांगली. आठवड्यात रोज संध्याकाळी सासूबाई आणि मुलगी मिळून बारदानं भिजवायच्या. पुन्हा भेग नाही!

ह्यांचं कौतुक वेगळंच. कारखान्यात मायक्रॉनमध्ये मोजणारा माणूस. ओळंबा लावला तर भिंत बाहेरून वर जाताना आत कललेली. ह्यांनी दोन रविवार तो फरक भरून काढायच्या युक्त्या शोधल्या. मग टेप धरला, खाली जाडी पावणेदोन फूट, वर दीड. चारही भिंतींना तोच उतार! म्हणजे तो दोष नव्हता, ते गणित होतं. मातीची भिंत खाली रुंद आणि वर निमुळती ठेवली की वजन पायावर नीट उतरतं. त्या रात्री हे जेवताना तीनदा म्हणाले, "त्या माणसानं ओळंब्याशिवाय कसं साधलं असेल?"

लोणावळ्याजवळ वाघेश्वरला सागर शिरुडे आणि युगा आखरे या वास्तुविशारद जोडीनं बांबू आणि लाल मातीचा दुमजली मिट्टी महाल उभा केला, त्याबद्दल वाचलं तेव्हा ह्यांनी मला झोपेतून उठवून फोटो दाखवले. ते हे काम शिकलेले आहेत, आम्ही नाही. पण माती तुडवताना त्यांच्या आणि आमच्या पायांना लागणारा गारवा एकच, या विचारानंच किती बरं वाटलं!

आणि आता गेल्या रविवारची गोष्ट. नाशिकहून फिनॉल्फ्थॅलीनची बाटली आणली. चुना अजून आम्लारिधर्मी असेल तर त्याच्यावर हा दर्शक गुलाबी होतो. जोत्याच्या दगडांच्या दर्जांत भरलेला शंभर वर्षांचा जुना चुना होता, त्याचा खडा तोडून वर थेंब टाकला. काही नाही. रंगच नाही. मग आमच्या गिलाव्याचा तुकडा तोडला, थेंब टाकला. आत गर्द गुलाबी! पण पृष्ठभागाजवळ एक बारीक पांढरी रेघ, तिथे रंग चढलाच नाही. ती रेघ म्हणजे दगड. भट्टीत साधारण नऊशे अंशांवर चुनखडीतून जो कार्बन डायऑक्साइड गेला, तोच हवेतून परत घेऊन चुना पुन्हा चुनखडी होतो. चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते, हा प्रयोग मी दरवर्षी मुलांना दाखवते. तोच प्रयोग माझ्या माजघरात, माझ्या भिंतीवर, आम्ही झोपलेले असताना चालू आहे! आमचे श्वाससुद्धा त्यात जात असतील. पूर्वजांचा चुना पूर्ण दगड झालाय, आमचा नुकता व्हायला लागलाय.

यंदाच्या पावसाळ्यात माजघरात बुरशीचा वास आला नाही. साड्या कपाटात परत गेल्या. ओसरी आणि स्वयंपाकघर बाकी आहे, अजून एखादं वर्ष लागेल. लागू दे.

बोटांच्या ओळी असलेला तो वीतभर तुकडा आम्ही लिंपला नाही. तसाच उघडा ठेवलाय, देवळीच्या खाली, आणि त्याच्या शेजारी सासूबाईंनी, मी आणि मुलीनं ओल्या मातीत आपापली चार बोटं ओढली आहेत.

तुमचं जुनं पांढरीचं घर असेल, भिंती फुगत असतील आणि पाडायचं ठरत असेल, तर कृपा करून थोडं थांबा. एका शनिवारी डोळ्यांना चष्मा लावून कोपऱ्यातला वीतभर सिमेंटचा थर काढून बघा. आत भुसा दिसला, बोटं दिसली, तर आम्हाला बोलवा. आम्ही दोघं रविवारी येऊ. विरवलेला चुना एक पिंप तयार आहे.