गॉजची निवड आणि घरची मलमपट्टी: एक अनुभव

गॉज म्हणजे सुती धाग्यांचे विरळ विणीचे कापड. त्यातील मेणचट व तेलकट अंश प्रक्रियेने काढून टाकलेला असल्याने ते पाणी, रक्त किंवा लस चटकन शोषून घेते. जखमेची घरगुती निगा म्हणजे या कापडाची एक घडी ठेवून वर पट्टी गुंडाळणे, असा सार्वत्रिक समज असला तरी कोणते गॉज, किती पदरी, कोरडे की ओले आणि किती वेळाने बदलायचे, हे प्रश्न जखमेच्या अवस्थेनुसार ठरतात आणि जखम जसजशी भरत जाते तसतशी त्यांची उत्तरेही बदलत जातात. पुढील विवेचन लेखिकेने पुण्यातील आपल्या घरी, मधुमेह असलेल्या सासूबाईंच्या तळपायाची पट्टी काही महिने स्वतः बदलताना जे पाहिले, त्यावर आधारलेले आहे. तळपायातील गळू शस्त्रक्रियेने उघडून पू काढल्यानंतर डॉक्टरांनी जखम टाके घालून बंद केली नव्हती, कारण अशी जखम वरून मिटली आणि आत पोकळी राहिली तर पू पुन्हा साचतो. ती तळापासून वर भरत यावी लागते. रुग्णालयातून घरी सोडताना मिळालेल्या कार्डावर मात्र ‘एक दिवसाआड ड्रेसिंग’ एवढ्याच शब्दांत या साऱ्याची बोळवण झाली होती.

औषधाच्या दुकानात गॉज मुख्यतः दोन रूपांत मिळते. पहिले म्हणजे सलग कापडाचे थान, जे निर्जंतुक नसते. रुग्णालयात ते कापून, घड्या घालून, धातूच्या ड्रममध्ये भरून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालील वाफेच्या यंत्रात, सुमारे 121 अंश सेल्सिअसला ठेवले जाते आणि मगच वापरले जाते. दुसरे म्हणजे कारखान्यातच इथिलीन ऑक्साइड वायूने किंवा गॅमा किरणांनी निर्जंतुक करून सीलबंद केलेल्या घड्या, ज्यांच्या पाकिटावर तशी स्पष्ट नोंद असते. घरच्या कुकरमध्ये थानाचे तुकडे उकडून काम भागवावे, हा सल्ला शेजारपाजारच्या अनुभवी मंडळींकडून हमखास मिळतो. कुकरमधले तापमान ऑटोक्लेव्हच्या जवळपास पोहोचत असले तरी बाहेर निघालेले ओलसर कापड कोरडे करताना आणि ठेवताना पुन्हा दूषित होते. म्हणून खोल जखमेला थेट लागणारा थर सीलबंद पाकिटातलाच असावा, आणि पाकीट फाटलेले किंवा भिजून सुकलेले असेल तर मुदत शिल्लक असूनही ते बाजूला काढावे, हा नियम या घरात पाळला गेला. थानाचे गॉज वाया गेले नाही; जखमेला न लागणाऱ्या सर्वांत बाहेरच्या थरासाठी ते पुरेसे होते.

पदरांची संख्या म्हणजे घडीतील थरांची संख्या. 8, 12 किंवा 16 पदरी घड्या मिळतात आणि त्यांतील निवड जखमेतून येणाऱ्या स्रावाच्या प्रमाणावरून करायची असते. सुरुवातीला लस भरपूर येत असताना 16 पदरी घडी आणि तिच्यावर गॅमजी, म्हणजे गॉजच्या दोन थरांमध्ये कापूस भरलेली जाड गादी, हे लागत होते (ही गादी सॅम्पसन गॅमजी या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने 1880 मध्ये प्रचारात आणली). नुसता कापूस मात्र जखमेवर कधीच ठेवू नये, कारण त्याचे तंतू ओल्या ऊतींना चिकटून आत राहतात. विणलेल्या गॉजच्या कापलेल्या कडेचे धागेही असेच सुटतात. म्हणून घडी घालताना कापलेली कड आत दुमडायची असते. न विणलेले गॉज धागे कमी सोडते, परंतु दुकानात ते मागून घ्यावे लागते.

या कामातील कौशल्य पट्टी बांधण्यात आहे असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. खरे कौशल्य जुने गॉज सोडवण्यात असते. लस वाळली की ती गॉजच्या छिद्रांत खळीसारखी घट्ट होते आणि त्याच छिद्रांत मांसांकुरही शिरलेले असतात. मांसांकुर म्हणजे भरत्या जखमेच्या तळाशी दिसणारी लालसर, दाणेदार, अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांनी भरलेली नवी ऊती. वाळलेले गॉज ओढले तर ही नवी ऊती त्याच्याबरोबर उपटली जाते आणि जखम एक-दोन दिवस मागे जाते. मृत ऊती खरवडून काढण्यासाठी ओले गॉज ठेवून ते वाळल्यावर ओढण्याची पद्धत पूर्वी रुग्णालयांत सर्रास वापरली जाई. पण ती सडलेले आणि निरोगी यांत भेद करत नाही, त्यामुळे स्वच्छ, भरत्या जखमेला ती अपायकारकच ठरते. सामान्य माणसाच्या बाबतीत वेदना ओढणाऱ्या हाताला आवर घालते. मधुमेहात पायाच्या संवेदना वाहणाऱ्या नसा बधिर झालेल्या असतील तर तो आवरच नाहीसा होतो. सासूबाई गप्पा मारत असत, पाय स्थिर असे, आणि गॉज जोरात निघाले याची तक्रार त्यांच्या तोंडून नव्हे, तर काढलेल्या घडीवर उमटलेल्या ताज्या रक्ताच्या ठिपक्यांतून कळत असे.

यावर उपाय सोपा, पण वेळखाऊ आहे. हात साबणाने धुऊन, पंखा बंद करून, बाहेरचे थर काढल्यावर आतल्या घडीवर सलाईन, म्हणजे 0.9 टक्के मिठाचे निर्जंतुक पाणी, थोडे थोडे सोडायचे, पाच-दहा मिनिटे थांबायचे आणि मग घडीची एक कड त्वचेला जवळजवळ समांतर ठेवून हळूहळू मागे दुमडत आणायची. सरळ वर उचलायची नाही. कुठे अडले तर तिथे पुन्हा सलाईन. नंतर काढलेली घडी लगेच न टाकता उजेडात पाहायची: पिवळसर पारदर्शक डाग म्हणजे लस, दाट हिरवट किंवा दुर्गंधीयुक्त स्राव म्हणजे जंतुसंसर्गाची शंका, आणि डाग बाहेरच्या थरापर्यंत पोहोचलेला असेल तर पट्टी बदलण्यास उशीर झाला, कारण आरपार ओले झालेले गॉज बाहेरच्या जंतूंना आत येण्याची वाट ठरते.

‘उघडी ठेवली, वारा लागला की जखम सुकते’ हा सासूबाईंचा आणि त्यांच्या पिढीचा ठाम सिद्धान्त होता. जॉर्ज विंटर या संशोधकाने 1962 मध्ये डुकरांच्या त्वचेवरील जखमांचा अभ्यास प्रसिद्ध करून दाखवले, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी बाह्यत्वचा उघड्या जखमेच्या सुमारे दुप्पट वेगाने पसरते. खपलीखालून वाट काढण्यापेक्षा ओलसर पृष्ठभागावरून सरकणे पेशींना सोपे जाते. त्यामुळे स्राव कमी झाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅराफिन गॉज, म्हणजे मऊ मेणचट पॅराफिन शोषवलेली जाळी, आतल्या थराला वापरली गेली आणि चिकटण्याचा प्रश्न बराचसा मिटला. ओलावाही अति झाला तर बाधतो. कडेची निरोगी त्वचा पांढुरकी, सुरकुतलेली दिसू लागली, की ओले गॉज जखमेच्या काठाबाहेर पसरले आहे असे समजून ते आतल्या मापाचे ठेवावे लागते. खोल भागात गॉज ठासूनही भरायचे नसते. सैल फुलवून, शक्यतो एकच सलग पट्टी घालून तिचे टोक बाहेर ठेवायचे, म्हणजे पुढच्या वेळी तुकडा आत विसरला जात नाही.

हळद, चुना, चहापत्ती यांपैकी काहीही उघड्या जखमेत जाता कामा नये, याबद्दल दुमत नसावे. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचा वापर अधिक प्रतिष्ठित वाटतो, म्हणून अधिक घातक. फेस येताना जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात. स्वच्छ, भरत्या जखमेला धुण्यासाठी सलाईन पुरते, मात्र बाटली उघडल्यावर उरलेले दुसऱ्या दिवशी वापरू नये.

गॉजची निवड अचूक होऊनही तळपायाची जखम भरत नाही, जर रुग्ण तिच्यावर वजन टाकून चालत असेल. देवघरात अनवाणी उभे राहणाऱ्या, कोणी बेल वाजवली की स्वतःच दार उघडायला जाणाऱ्या वृद्ध स्त्रीला चालण्यापासून रोखणे हे कोणत्याही पट्टीपेक्षा कठीण काम ठरले. जखमेवरचा भार काढणारी खास चप्पल आल्यावरच जखमेच्या मापात सातत्याने फरक दिसू लागला. पट्टी घट्ट बांधण्याचा मोहही टाळावा लागतो, कारण बोटे गार किंवा निळसर पडली तरी बधिर पायाला ते जाणवत नाही. जखमेभोवती लाली पसरणे, बोट काळे पडणे, ताप किंवा रक्तातील साखर अकारण वाढणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरचे ड्रेसिंग तिथेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

वापरलेले गॉज ओल्या कचऱ्यात मोकळे टाकणे हा कचरा वेचणाऱ्या हातांवर अन्याय आहे. ते वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळे द्यावे. डॉक्टरांना आणि परिचारिकांना एक विनंती मात्र करावीशी वाटते: रुग्णाला घरी सोडताना कार्डावर गॉजचा प्रकार, पदर, आतला थर कोरडा की ओला, आणि कोणत्या खुणेवर परत यायचे, एवढे चार शब्द मराठीत लिहून द्यावेत आणि घरच्या माणसाकडून एक ड्रेसिंग आपल्यासमोर करून घ्यावे.